अस्सलबरहुकूम

"मग? हंडा घेऊन एस.टी.त चढली?" यमुनाकाकूंचं लाटणं हवेतच राहिलं.

"चढली."

"भरलेला?"

"भरलेला. डोक्यावरची चुंबळसुद्धा काढली नाही."

"या अल्ला!" शमीमभाभी म्हणाली. "आणि कंडक्टर?"

"कंडक्टर म्हणाला, बाई, माणसाचं तिकीट काढा आणि हंड्याचं लगेज."

सगळ्या हसल्या. यमुनाकाकू हसल्या नाहीत. त्यांनी लाटणं पुन्हा पोळपाटावर टेकवलं आणि पापडावर सगळा राग काढत म्हणाल्या, "मेला! बाईच्या डोळ्यांत पाणी दिसत नाही, हंड्यातलं बरं दिसतं. कोण गं हा लिहिणारा? भेटला तर विचारीन."

मी मान खाली घालून लाटी मळायला घेतली. लिहिणारा त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसला होता आणि त्यांच्याच तेलात बुडवून कच्ची लाटी खात होता.

एक्याण्णव सालचा एप्रिल. धरणाच्या पायथ्याशी पाटबंधारे खात्याची वसाहत होती. हे तिथे कालवा निरीक्षक. आमच्या ओळीत बारा घरं आणि उन्हाळ्यात बाराही घरांचे पापड यमुनाकाकूंच्या ओट्यावर, कारण लिंबाची सावली फक्त तिथे. आज हिचे, उद्या तिचे. उडदाचं डांगर कुटायचं, त्याच्या वळ्या करायच्या, दोऱ्याने लाट्या कापायच्या आणि गोल बसून लाटत राहायचं. हात गुंतलेले, तोंडं मोकळी. पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांच्या सासवा संपल्या. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "कुंदा, तू क्लबातून पुस्तकं आणतेस ना? त्यातलं एखादं सांग की."

मी सांगायला सुरुवात केली. पण पुस्तकातलं नाही. माझ्या डोक्यात दोन वर्षांपासून एक गोदा बसून होती. सासरी तिला कुणी नावानं हाक मारत नाही. 'अगं' आणि 'ए' यांवर संसार चाललेला. एक दिवस ती पाण्याला म्हणून निघते, हंडा भरते आणि घराकडे वळायच्या ऐवजी फाट्यावर जाऊन एस.टी.त बसते. एवढंच मला माहीत होतं. पुढचं पापड लाटता लाटता सुचत गेलं.

"कुणाची आहे गोष्ट?" पहिल्याच दिवशी कुलथेवहिनींनी विचारलं होतं. सुनेत्रा कुलथे म्हणजे नव्या उपअभियंत्यांची बायको. बी.ए. मराठी. वसाहतीत एवढं शिकलेली ती एकटीच. माझं शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला.

'माझी' हा शब्द दोन अक्षरांचा. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "एका जुन्या दिवाळी अंकात वाचलीय. पहिली पानं फाटलेली होती, त्यामुळे नाव काही कळलं नाही."

सुनेत्रा विचारात पडली. म्हणाली, "शैली ओळखीची वाटते. हा लेखक नक्की विदर्भातला. आम्हाला बी.ए.ला होता."

आता मी खोटं का बोलले, तर सांगते. लेखक म्हणजे ज्याच्या घरी टेबल असतं तो, अशी माझी समजूत होती. आणि दुसरं म्हणजे वही. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत मी कथा लिहायला सात वह्या आणल्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर मधोमध 'श्री' लिहिला. सुंदर श्री. मग वाटायचं, संक्रांत होऊन जाऊ दे. पाहुणे जाऊ देत. फराळाचं आटपू दे. उन्हाळा संपू दे, घामानं शाई पसरते. पावसाळ्यात वही सर्द व्हायची. सातही वह्या पुढे यांनी पाणीपाळीच्या याद्यांना वापरल्या. हे एकदा म्हणाले, "तुझ्या वह्या फार शुभ असतात बघ, सुरुवातीलाच श्री."

खरं कारण उन्हाळा नव्हता. लिहिलं आणि ते वाईट निघालं तर? न लिहिलेली गोदा केवढी छान होती!

तर, गोष्ट चालली आठ दिवस. घाटात एस.टी. बंद पडली. इंजिन तापलं, ड्रायव्हर पाणी शोधू लागला आणि सगळ्या गाडीची नजर गोदेच्या हंड्याकडे वळली. ती देईना. यमुनाकाकू म्हणाल्या, "देऊ नकोस बाई!" शमीमभाभी म्हणाली, "अगं, पण गाडी चालू कशी होणार?" त्या दिवशी भांडणात चाळीस पापड जाड झाले.

नवव्या दिवशी मी अडकले. गोदा कुठे उतरते ते मला कळेना. मी म्हणाले, "उद्या सांगते." दहाव्या दिवशीही "उद्या". सुनेत्राला धीर निघेना. ती संध्याकाळी उठली आणि सरळ क्लबात गेली, अंकच आणून शेवट वाचायला.

अकराव्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास काठी टेकत सोनटक्केकाका ओट्यापाशी आले. बायकांच्या घोळक्यात ते कधी येत नसत. हे गृहस्थ तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं जमिनीच्या कागदांच्या नकला काढून निवृत्त झालेले. आता वसाहतीत जावयाकडे राहत आणि क्लबातली दोन कपाटं सांभाळत. दोन कपाटांना त्यांनी सहा रजिस्टरं केली होती. त्यातलं एक आत्ता काखेत होतं.

"वाघचौरे वहिनी कोण?" त्यांनी विचारलं. मला ते सहा वर्षं ओळखत होते.

"मी," मी म्हणाले.

"सत्त्याऐंशीचा दिवाळी अंक, दाखल क्रमांक दोनशे चौदा. शेवटची उचल आपली. परत आला तेव्हाचा माझा शेरा: पृष्ठ एक ते चव्वेचाळीस गहाळ." त्यांनी चष्मा वर केला. "कुलथे वहिनींनी काल चौकशी केली म्हणून उघडून पाहिला. आपण सांगता ती कथा उरलेल्या अंकात नाही. म्हणजे ती गहाळ पानांत होती. पानं कुठायत?"

माझ्या हातातली लाटी चपटी झाली. झालं असं होतं की मी खोटं बोलायला जो फाटका अंक मनात धरला होता, तो खरोखरच तसा फाटका होता, आणि फाटकाच माझ्याकडे आला होता. ते सिद्ध कसं करणार?

"कुंदा पानं फाडायची नाही हो," शमीमभाभी म्हणाली.

"मग कथा वाचली कुठं? फाटल्यावर वाचली असेल तर पानं नव्हती. पानं होती तर फाटली नव्हती." सोनटक्केकाकांनी रजिस्टर मिटलं. "पानं द्या. नाहीतर मला कार्ड बंद करावं लागेल. नियम आहे."

कार्ड बंद! दर बुधवारी आणि शनिवारी मी त्या दोन कपाटांपुढे उभी राहायची. दहावीनंतर माझं जे काही शिक्षण झालं ते त्या कपाटांत झालं. आणि तरी, आजही सांगायला लाज वाटते, चार बायकांसमोर 'ती गोष्ट माझी आहे' म्हणण्यापेक्षा पानंचोर ठरणं मला सोपं वाटत होतं. चोर निदान लोकांना समजतो.

"पानं नाहीत," मी म्हणाले. आणि मग जीभ आपली आपणच पुढे धावली. "पण मी ती कथा उतरवून घेतली होती."

सोनटक्केकाकांचा चेहरा असा उजळला की जणू मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. "म्हणजे नक्कल आहे?"

"आहे."

"मग प्रश्नच मिटला! मूळ गहाळ असेल तर नक्कल दाखल करता येते. मात्र अस्सलबरहुकूम पाहिजे. म्हणजे अस्सल कागदात असेल तसं, काना-मात्रेचा फरक न करता. खाली लिहायचं 'नक्कल करणार', आणि आपली सही. मग 'रुजवात घेणार', म्हणजे नक्कल मुळाशी ओळ न ओळ ताडून पाहणारा, तिथं माझी सही. पुढच्या सोमवारी आणा."

"आणि त्यात शेवट असेल ना?" यमुनाकाकूंनी विचारलं.

"नक्कल आहे म्हटल्यावर शेवट असणारच," सोनटक्केकाका म्हणाले आणि काठी टेकत गेले.

सहा दिवस होते. पहिले दोन मी डबे घासण्यात घालवले. घरातले सगळे डबे, धुतलेलेसुद्धा. तिसऱ्या दिवशी दुपारी हे जेवायला आले तेव्हा मी पिठाच्या पिंपावर पाट ठेवून पाटावर कागद ठेवला होता आणि त्याच्याकडे बघत बसले होते.

"काय चाललंय?"

"नक्कल करायचीय."

"कशाची?"

"एका कथेची. सोनटक्केकाकांनी मागितलीय."

नक्कल म्हटल्यावर हे गंभीर झाले. सरकारी माणसाला नकलेचं मोल असतं. हात पुसून ते बाहेर गेले आणि दुकानातून तावांचा दस्ता घेऊन आले. "असल्या चिटोऱ्यावर नको. डावीकडं समास सोड. आणि एकाच बाजूनं लिही." मग थोड्या वेळाने, "मूळ कुठंय?"

"मला पाठ आहे," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

हे गेल्यावर मी पहिला ताव पुढे ओढला. हात सवयीनं मधोमध श्री काढायला निघाला. मी थांबले. ही काही माझी कथा नव्हती, नक्कल होती. मी वर लिहिलं: 'नक्कल'. आणि खाली लिहू लागले.

तुम्हाला सांगते, अकरा वर्षं जे दार ढकलून ढकलून उघडत नव्हतं ते बाहेरच्या बाजूला उघडणारं निघालं. नक्कल करणाऱ्याला कसली भीती? एखादं वाक्य लंगडं आलं तर मी म्हणायची, हा मेला असं का लिहितो? आणि मग ते सरळ करून टाकायची, त्या बिचाऱ्याची लाज जाऊ नये म्हणून. मला तो दिसायलाही लागला. विदर्भातला, सुनेत्रा म्हणते तसा, खांद्यावर पंचा, पानाचा डबा. त्याच्याकडे टेबल होतं. माझ्याकडे पीठ होतं. कूकरच्या शिट्ट्या झाल्या, दूध उतू गेलं, गाडी घाटात तापून उभी राहिली, गोदेनं हंड्यावर दोन्ही हात ठेवले. मी सोळा ताव भरले.

पाचव्या दिवशी गोदा शेवटच्या थांब्यावर पोचली आणि मला पुढे काही दिसेना. मी त्या पंचेवाल्याची वाट पाहिली. तो आला नाही. बराच वेळ बसले. बाहेर कुणाच्या तरी नळाला पाणी आलं आणि गेलं. मग मी लेखणी उचलली आणि गोदेला गाडीतून खाली उतरवलं. हात थांबला नाही. शेवटचे दोन ताव झाल्यावर मी खाली लिहिलं 'नक्कल करणार', सही केली आणि चांगली तासभर झोपले.

सोमवारी ओट्यावर शमीमभाभीचे पापड होते. सोनटक्केकाकांसाठी खुर्ची मांडली होती. त्यांनी ताव हातात घेतले, मोजले, उलटून पाहिले.

"रुजवात घ्यायला अस्सल तर नाही," ते म्हणाले. "पण या सगळ्यांनी ते आपल्या तोंडून ऐकलंय. म्हणजे साक्षीदार आहेत. आपण वाचा. फरक आला की यांनी सांगायचं." आणि त्यांनी कानावरची तांबडी पेन्सिल काढली.

मी वाचू लागले. आवाज पहिल्या पानाला बकरीसारखा होता. दुसऱ्या पानाला मी बकरी विसरले.

"थांब," शमीमभाभी म्हणाली. "कंडक्टरला मिशी नव्हती."

"होती," यमुनाकाकू म्हणाल्या.

"नव्हती, काकू. तिनं सांगितलं होतं, नुसती लव फुटलेली."

"मिशी नसताना इतका माज?"

"मूळ लेखक मिशी देणार नाही," सुनेत्रा म्हणाली. "त्याची शैली नाही ती."

सोनटक्केकाकांनी तावावर तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं: मिशीबाबत मतभेद. "पुढं."

घाट आला. कुणी लाटत नव्हतं. डांगर वाळू लागलं तरी काकू ओरडल्या नाहीत. गोदेनं शेवटी स्वतःच उठून अर्धा हंडा इंजिनात ओतला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "आता लगेज अर्धं करा." तेव्हा शमीमभाभीनं माझ्या पाठीत गुद्दा घातला, जणू गोदा मीच.

"इथपर्यंत बरोबर," सोनटक्केकाका म्हणाले. "पुढं कुणी ऐकलंय?"

कुणीच नव्हतं. मी शेवटचे दोन ताव वाचले. गोदा कुणी ओळखीचं नाही अशा गावच्या थांब्यावर उतरते. हंडा खाली ठेवून त्याच्याशेजारी बसते. ऊन असतं. एक म्हातारा येतो, पाणी मागतो. ती ओंजळीत ओतते. मग एक लेकुरवाळी येते. मग आणखी कुणी. आणि ती लेकुरवाळी जाता जाता विचारते, "ताई, नाव काय तुमचं?" गोदेला आधी कळतच नाही की प्रश्न आपल्याला आहे. मग ती सांगते. पहिल्यांदा हळू, आणि ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा, मोठ्यानं. संध्याकाळी हंडा रिकामा होतो. परतीची गाडी लागते. गोदा उठत नाही.

लिंबाचा मोहर भुरभुरत पापडांवर पडत होता. कुणी तो उडवला नाही.

सोनटक्केकाकांनी घसा साफ केला. "या दोन तावांची रुजवात कशाशी घ्यायची? अस्सल नाही. साक्षीदार नाहीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, हे आपण कुठून उतरवलंत?"

खोटं तयार होतं. बहिणीकडून ऐकलं, असं म्हणता आलं असतं. बहीण नागपूरला होती, कोण विचारायला जाणार? पण मग गोदा आयुष्यभर त्या पंचेवाल्याची राहिली असती. त्यानं शेवटच्या थांब्यावर तिला सोडून दिलं होतं. मी उतरवून घेतलं होतं तिला, मी!

"कुठूनच नाही," मी म्हणाले. आवाज ऐकू गेला नसावा, कारण काकांनी कानाला हात लावला. "कुठूनही उतरवलं नाही. माझी आहे."

"शेवट?"

"शेवट, कंडक्टर, घाट, सगळी. अंकात काही नव्हतं. अंक आधीच फाटलेला होता."

शमीमभाभी सुनेत्राकडे वळली. "काय गं, विदर्भातला ना?"

सुनेत्रा कानापर्यंत लाल झाली.

"माझं आजोळ यवतमाळचं आहे," मी घाईघाईनं म्हणाले.

"बघा!" सुनेत्रा ओरडली. "मी म्हटलंच होतं!" आणि आम्ही सगळ्या इतक्या हसलो की पलीकडच्या ओळीतून कुणीतरी खिडकी उघडली.

यमुनाकाकू मात्र उभ्या राहिल्या. लाटणं हातातच होतं. "म्हणजे पंधरा दिवस ज्या मेल्याला मी शिव्या घालतेय तो माझ्याच ओट्यावर बसून माझ्याच लाट्या खातोय!"

"काकू..."

"काकू नाही आणि फिकू नाही. परत आण तिला."

"कुणाला?"

"गोदेला! संध्याकाळ झाली, चूल पेटायची, बाई बसलीय परमुलखात. रात्रीचं काय तिनं? तू लिहिलंयस ना? मग तूच परत आण. खोड ते आणि लिही, गाडीत बसली."

यमुनाकाकूंना वसाहतीत कुणी नाही म्हणत नसे. सहा वर्षांत मीही म्हटलं नव्हतं. त्यांनी सांगितलं म्हणून मी पडद्यांचा रंग बदलला होता, मुलीचं जावळ पुढे ढकललं होतं.

"नाही काकू," मी म्हणाले.

"काय?"

"ती परत जायची नाही."

"मी सांगते तरी?"

"तुम्ही सांगितलंत तरी."

मला आतून कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, लाटण्याकडे पाहिलं आणि मग खाली बसल्या.

"बरं. बाई नाही तर नाही," त्या म्हणाल्या. "पण हंडा? पितळेचा हंडा सासरचा, तो घेऊन पळाली म्हटल्यावर लोक तिलाच चोर म्हणतील."

"तो सासरचा नाहीच मुळी. आईनं दिलेला आहे."

"माहेरचा?" काकूंचं लाटणं थांबलं. "मग मेले, ते लिहिलंस कुठं? माहेरचा हंडा असला तर गोष्टच वेगळी! मग बस म्हणावं, बस हवी तेवढी."

बी.ए.ला कुणाला काय होतं मला ठाऊक नाही, पण माझ्या कथेवर आजवर आलेलं सगळ्यात शहाणं मत ते होतं. काकू म्हणत होत्या ते खरं होतं. मी ते लिहायलाच विसरले होते.

मी सोनटक्केकाकांच्या हातातून तांबडी पेन्सिल घेतली आणि पहिला ताव पुढे ओढला.

"अहो, अहो वहिनी!" काका सवयीनं खुर्चीतून अर्धे उठले. "नकलेत आपल्या मनानं भर घालता येत नाही!"

"नक्कल कुठंय, काका," मी म्हणाले आणि दोन ओळींच्या फटीत लिहिलं, हंडा माहेरचा होता.